पंधरापैकी दहा गोल हरमनप्रीतचे, मग फॉरवर्ड करतात काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाने आठ सामन्यांत १५ गोल केले. त्यातले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, आणि तो तर बचावपटू. पाच फॉरवर्डनी मिळून केले चार. मग आपली आघाडीची फळी पोकळ आहे का? आणि असेल तर बाहेर बसलेल्यांत तिची जागा घेईल असं कोणी आहे का?

या विषयावर चाहत्यांचे दोन तट पडलेले मी बरीच वर्षं पाहतोय. एक म्हणतो, पेनल्टी कॉर्नर (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात बचावाची चूक झाली की मिळणारी संधी) काढून घ्या, संघात काही उरत नाही. दुसरा म्हणतो, अहो, ते कॉर्नर मिळवतं कोण? फॉरवर्डच ना? मी पुण्यात पोरांना हॉकी शिकवतो, त्यातही जास्त करून फॉरवर्डना. माझं उत्तर दोघांनाही फारसं आवडणार नाही. फळी पोकळ नाही. पण तिच्यात एका विशिष्ट प्रकारच्या खेळाडूची टंचाई आहे, आणि बेंचवर आणखी चार नावं वाढवून ती भरून निघणार नाही.

आधी गोलांचा हिशोब नीट मांडू. पॅरिसमधल्या १५ गोलांपैकी ९ पेनल्टी कॉर्नरवर आले, ३ पेनल्टी स्ट्रोकवर (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका) आणि ३ मैदानी, म्हणजे चालू खेळात. मैदानी तिघांपैकी दोन अभिषेकचे, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आणि एक न्यूझीलंडविरुद्ध विवेक सागर प्रसादचा. तो मधल्या फळीतला. मनदीपचा न्यूझीलंडविरुद्धचा आणि सुखजीतचा जर्मनीविरुद्धचा गोल फॉरवर्डच्या नावावर आहे, पण दोन्ही कॉर्नरमधूनच निघालेले. ललित उपाध्याय आणि गुरजंत सिंग यांच्या नावावर एकही नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. बाद फेरीतले तीन सामने घ्या: ग्रेट ब्रिटनशी १-१, जर्मनीकडून २-३, स्पेनवर २-१. या तीन सामन्यांत आपण पाच गोल केले आणि पाचही कॉर्नरवर. मैदानी गोल शून्य. आता टोकियोची बाद फेरी आठवा. ब्रिटनविरुद्ध दिलप्रीत, गुरजंत आणि हार्दिक सिंग असे तीन, तिन्ही मैदानी. बेल्जियमविरुद्ध मनदीपचा एक. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध सिमरनजीतचे दोन. म्हणजे दहापैकी सहा मैदानी. सहावरून शून्यावर, तीन वर्षांत! एवढं ऐकलं की पहिल्या तटाला आपण जिंकलोच असं वाटतं.

पण त्याच दोन स्पर्धांचा दुसरा रकाना बघा. टोकियोत आपण २५ गोल केले आणि २३ खाल्ले, त्यातले सात एकट्या ऑस्ट्रेलियाने घातले. पॅरिसमध्ये १५ केले, १२ खाल्ले. पदक दोन्हीकडे कांस्यच. टोकियोत ग्रॅहम रीड प्रशिक्षक होते, पॅरिसमध्ये क्रेग फुल्टन. फुल्टन आले तेव्हापासून त्यांचा भर उघड होता: आधी गोल खायचे थांबवा, मग जिंकण्याचं बोलू. आणि हॉकीत गोल खाणं थांबवायचं काम गोलकीपरपासून सुरू होत नाही, ते सुरू होतं सर्वांत पुढे उभ्या असलेल्या फॉरवर्डपासून. म्हणजे काय झालं, तर फॉरवर्डचे पाय बचावासाठी खर्च झाले. गोल कमी झाले ते निव्वळ पोरं निकामी होती म्हणून नव्हे. संघाने जाणूनबुजून एक सौदा केला.

हा सौदा फायद्याचा होता का, हे बघायचं तर जून २०२५ मधला प्रो लीगचा, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या लीगचा, युरोप दौरा बघा. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियमशी प्रत्येकी दोन, असे आठ सामने. सलग सात हरलो, शेवटचा बेल्जियमविरुद्ध ४-३ जिंकलो. त्या आठ सामन्यांत आपण गोल किती केले? १८. पॅरिसपेक्षा तीन जास्त! आणि खाल्ले २६. सातांपैकी सहा पराभव एकेका गोलाने. तेव्हा लोक ओरडत होते की फॉरवर्ड चालत नाहीत. गोल तर पदक मिळालं तेव्हापेक्षा जास्त होत होते. घसरला होता तो बचाव, आणि त्या घसरणीत प्रेसचाही (पुढूनच समोरच्या संघावर दबाव टाकण्याचा) वाटा होता, म्हणजे फॉरवर्डचाच, पण टीका करणारे म्हणत होते त्या अर्थाने नव्हे.

प्रेस म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो आणि हे काम बॉलपासून दूर चालतं. समोरच्या संघाचा फुलबॅक बॉल घेऊन उभा आहे. आपला पुढचा माणूस त्याच्यावर सरळ धावत जात नाही. तो थोडा तिरका जातो, म्हणजे मधला पास बंद होतो आणि बॉल बाजूच्या रेषेकडे ढकलला जातो. तिथे दुसरा फॉरवर्ड आणि आपला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, वाट बघत असतात. पहिल्या माणसाचा कोन एका पावलाने चुकला, की पास मधून निघतो आणि मागच्या सात जणांना पळापळ करावी लागते. मनदीप हे काम फार सफाईने करतो. त्याने गोल केला नाही म्हणून त्याला शिव्या घालणाऱ्यांनी पुढच्या सामन्यात पाच मिनिटं बॉल सोडून फक्त मनदीपकडे बघावं. टीव्हीवर कठीण आहे, मैदानात गेलात तर दिसेल.

ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना हे याचं टोकाचं उदाहरण. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेली चाळीसहून जास्त मिनिटं आपण दहा जणांनिशी खेळलो. त्यानंतरही २२व्या मिनिटाला आपण गोल केला, एकच गोल खाल्ला आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकलो. त्या सामन्याचं श्रेय गोलकीपर श्रीजेशला मिळालं ते योग्यच. पण दहा जणांत एक माणूस कमी पडतो तो आक्रमणात, म्हणजे ज्यांच्याकडे गोलची संधी येणार होती त्यांना त्या दिवशी आपल्याच २३ मीटरच्या पट्ट्यात उभं राहून टॅकल करावे लागले. आणि शूटआउट? हरमनप्रीत, सुखजीत, ललित, राजकुमार पाल. चारही गोल झाले. त्यातले दोघे फॉरवर्ड, आणि ललित तर असा की त्या स्पर्धेच्या गोलांच्या यादीत त्याचं नावच नाही.

आता दुसऱ्या तटाकडे. 'कॉर्नर फॉरवर्डच मिळवतात' हे खरं आहे. डीत (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) शिरलेला फॉरवर्ड बचावपटूच्या पायाकडे बॉल नेतो, बॉल पायाला लागतो, शिटी वाजते. हे नशीब नसतं, शिकवलेलं असतं. मीही शिकवतो. कॉर्नरला समोर गोलकीपर धरून पाचच जण असतात, बाकीच्यांना मधल्या रेषेपर्यंत जावं लागतं. आणि आपल्याकडे जगातला पहिल्या दोन-तीनांतला ड्रॅग फ्लिकर (कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढत झटक्यात गोलकडे फेकणारा) आहे. मग फॉरवर्ड हिशोब करतोच.

पण इथेच दुखणं सुरू होतं. हा हिशोब सवय बनला. डीत बॉल आला, डोकं वर करून फटका मारायला अर्धा सेकंद आहे, तरी आपला पोरगा पाय शोधतो. बचावपटूंनाही आता हे ठाऊक झालंय. चांगल्या युरोपीय संघांचे बचावपटू भारतीय फॉरवर्ड बेसलाइनवरून आत वळला की पाय मागे घेतात, स्टिक आडवी टाकतात आणि त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत नेतात. फटक्याची भीती नसेल तर बचावपटू निवांत उभा राहू शकतो. म्हणजे मैदानी गोलची धमक कमी झाली की काही काळाने कॉर्नर मिळणंही कमी होतं. दुसरा तट हे विसरतो.

जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना घ्या. त्यांचे तीन गोल: पेय्याचा कॉर्नरवर, रूअरचा स्ट्रोकवर आणि ५४व्या मिनिटाला मिल्टकाउचा मैदानी. आपले दोन्ही कॉर्नरवरचे. कॉर्नर आणि स्ट्रोकच्या बाबतीत २-२ अशी बरोबरी होती, फरक पडला तो एका मैदानी गोलाचा. (पेय्या म्हणजे तोच गोन्झालो, ज्याने २०१६ मध्ये अर्जेंटिनासाठी ११ गोल करून सुवर्ण मिळवून दिलं आणि नंतर जर्मनीकडून खेळू लागला. कॉर्नरवर स्पर्धा जिंकता येते याचा सर्वांत मोठा पुरावा तोच, आणि त्याच्या नव्या संघाला फायनलला नेणारा गोल मात्र मैदानी निघाला.)

मग टंचाई कशाची आहे? माझ्या मते डीच्या आत राहून खेळणाऱ्या फॉरवर्डची. आपल्याकडे बॉल घेऊन पळणारे ढीगभर आहेत. डाव्या बाजूने वेग घेऊन दोघांना चकवून बेसलाइनपर्यंत जाणारे, मधून एकटे घुसणारे, रिव्हर्स हिट (स्टिक उलटी करून मारलेला फटका) सणसणीत मारणारे, सगळे आहेत. कमी आहे तो असा माणूस, जो गोलकडे पाठ करून बचावपटूला अंगावर घेऊन उभा राहतो, येणारा बॉल एका स्पर्शात वळवतो, दुसऱ्या पोस्टजवळ स्टिक खाली टेकवून वाट बघतो आणि रिबाउंडवर सर्वांत आधी पोहोचतो. त्याचे गोल दिसायला भिकार असतात. दीड मीटरवरून ढकललेला बॉल कोणी पुन्हा पुन्हा बघत नाही. पण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइड रद्द झाला तेव्हापासून गोलच्या तोंडाशी उभं राहणं कायदेशीर आहे, आणि आंतरराष्ट्रीय हॉकीतले बरेच मैदानी गोल तिथूनच होतात. आपल्याकडे हे काम मनापासून करणारा एकच, मनदीप. १९९५चा जन्म. त्यालाच प्रेसही करायची, त्यालाच डीत उभं राहायचं. अभिषेककडे ती वृत्ती आहे. अर्धी संधी दिसली की तो विचार न करता मारतो, म्हणून मला तो आवडतो. पण तो मुळात फिरता खेळाडू आहे, त्याला एका जागी बांधलं तर त्याच्यातलं निम्मं वाया जाईल.

याची मुळं खाली, शाळेच्या मैदानात आहेत. शालेय स्पर्धेत ज्या पोराला डॉज, म्हणजे चकवा, येतो तो हिरो. तो मध्यरेषेपासून बॉल घेऊन सुटतो आणि समोरचा बचाव कच्चा असल्यामुळे पोहोचतोही. त्याला डीत उभं राहून बॉलची वाट बघायला सांगा, दोन दिवसांत तोंड पाडतो. पालकही विचारायला येतात की आमच्या मुलाला बॉल का मिळत नाही. दुसरीकडे, उंच आणि अंगापिंडाने मजबूत पोरगा दिसला की आम्ही प्रशिक्षक त्याला ताबडतोब मागे नेतो आणि ड्रॅग फ्लिक शिकवायला घेतो, कारण राज्य संघात निवड व्हायचा तो जवळचा रस्ता आहे. म्हणजे डीत अंगावर बचावपटू घेऊ शकेल असा देह फुलबॅक होतो आणि फॉरवर्डमध्ये उरतात चपळ, हलकी पोरं. वरच्या पातळीवर गेल्यावर मग आपण विचारतो, की डीत टिकणारा माणूस कुठे गेला! तो उजव्या फुलबॅकला खेळतोय.

हॉकी इंडिया लीगने २०१६ मध्ये एक गंमतशीर प्रयोग केला होता: मैदानी गोलला दोन गोल धरायचे. त्यावर टीका झाली, धावफलक विचित्र दिसायचा, आणि २०२४च्या अखेरीस लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तो नियम नव्हता. वरिष्ठ पातळीवर मलाही तो नको. पण १४ आणि १७ वर्षांखालच्या स्पर्धांत तो आणून बघायला माझी हरकत नाही. निदान प्रशिक्षकांना डीतला फॉरवर्ड घडवण्याचं कारण तरी मिळेल.

इथे कोणीतरी हमखास धनराज पिल्लेचं नाव काढतो. काढायलाच हवं, खडकीच्या मातीवरून आलेला आपला माणूस. 'धनराजसारखा एक असता तर' हे वाक्य मी पुण्याच्या प्रत्येक मैदानावर ऐकलंय. धनराज चार ऑलिम्पिक खेळला: १९९२, १९९६, २०००, २००४. भारताचे क्रमांक अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा, सातवा. जगातल्या उत्तम फॉरवर्डपैकी एक संघात असताना हे क्रमांक आहेत. १९९८च्या बँकॉक एशियाडचं सुवर्ण त्याच्या नेतृत्वाखाली आलं, त्याचं मोल कमी होत नाही. पण शेवटच्या मिनिटांत गोल खाणारा बचाव आणि भरवशाचा कॉर्नर नसलेला संघ यांच्यापुढे फॉरवर्डचं तेज कितपत पुरतं, ते त्या चार आकड्यांत दिसतं. सिडनीत पोलंडशी १-१ बरोबरी झाली आणि उपांत्य फेरी हुकली, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आता खोलीचा, म्हणजे बेंचचा प्रश्न. फुटबॉलच्या सवयीने लोक विचारतात, 'पहिल्या तिघांच्या मागे कोण?' हॉकीत पहिले तीन असं काही नसतं. बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, फक्त पेनल्टी कॉर्नर दिल्यावर तो संपेपर्यंत नाही. ऑलिम्पिकला १६ जणांचा संघ. पॅरिसला आपली रचना होती एक गोलकीपर, पाच बचावपटू, पाच मधले, पाच फॉरवर्ड. एका वेळी साधारण तीन फॉरवर्ड मैदानात धरले तर ६० मिनिटांत तीन जागांची १८० मिनिटं होतात, पाच जणांत वाटली की प्रत्येकी ३६. तीही सलग नव्हे. चार-पाच मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा आत. प्रेस करणाऱ्या संघात यापेक्षा जास्त वेळ ठेवला तर तो तिरका कोन चुकायला लागतो. आता पाचांतल्या एकाचा स्नायू दुखावला तर उरलेल्या चौघांना ४५ मिनिटं. २७ जुलै ते ८ ऑगस्ट, तेरा दिवसांत आठ सामने. म्हणजे पाचवा फॉरवर्ड हा पर्याय नसतो, तो आघाडीच्या फळीचा एक पंचमांश दम असतो. गुरजंतने गोल केला नाही म्हणून 'त्याला नेला कशाला' विचारणाऱ्यांनी हा भागाकार करून बघावा.

आणि पॅरिसला राखीव कोण होते? नीलकांत शर्मा, जुगराज सिंग, कृष्ण बहादूर पाठक. मधला, बचावपटू, गोलकीपर. राखीव फॉरवर्ड एकही नाही! फुल्टनचा अंदाज सरळ होता: गरज पडली तर मधल्या फळीतले शमशेर किंवा विवेक पुढे सरकतील. मला तो अंदाज तेव्हाही धाडसी वाटला होता. नशिबाने कोणी जखमी झालं नाही. २०२३च्या वर्ल्ड कपमध्ये काय झालं होतं ते आठवा. इंग्लंडविरुद्ध हार्दिकचा स्नायू गेला आणि तो स्पर्धेबाहेर पडला. हार्दिक फॉरवर्ड नाही, पण डीत बॉल पोहोचवणारा तोच. पुढे न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊनही आपण ३-३ वर आलो आणि शूटआउटमध्ये बाहेर पडलो. फॉरवर्डची खोली मोजताना त्यांना बॉल देणाऱ्यांची खोलीही मोजावी लागते, एवढंच त्यातून घ्यायचं.

राखीव खेळाडूची किंमत कळायची असेल तर टोकियोचा सिमरनजीत सिंग बघा. मूळ सोळांत तो नव्हताच. कोविडमुळे त्या वेळी राखीव खेळाडूंनाही सामन्यासाठी निवडता येईल अशी सवलत मिळाली, म्हणून तो खेळू शकला. आणि कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध त्याने दोन गोल केले, त्यातला पहिला नीलकांतच्या लांब पासवर वळून रिव्हर्सने. पॅरिसच्या संघात तो नव्हता. दिलप्रीतचंही तसंच: टोकियोत होता, पॅरिसला नव्हता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषकाच्या फायनलमध्ये कोरियाविरुद्ध दोन गोल करून परत आला. त्या फायनलमध्ये पहिल्याच मिनिटाला सुखजीतने मारलेला गोल धरला तर चारांतले तीन फॉरवर्डचे. ४-१ ने जिंकलो आणि २०२६च्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं.

मात्र आशियातल्या गोलांवर भाळू नका, हे मी दरवेळी सांगतो. हांगझोऊ एशियाडला, २०२३ मध्ये, आपण सात सामन्यांत ६८ गोल केले. उझबेकिस्तानला १६, सिंगापूरला १६, बांगलादेशला १२, पाकिस्तानला १०. तेव्हाचे पाच फॉरवर्ड कोण? मनदीप, ललित, अभिषेक, सुखजीत, गुरजंत. दहा महिन्यांनी पॅरिसला गेलेले नेमके हेच पाच. तेच पाय, त्याच स्टिक, आठ सामन्यांत १५. ६८ गोलांनी जसे ते जगज्जेते ठरत नाहीत, तसे १५ गोलांनी निकम्मेही ठरत नाहीत. फॉरवर्डचा कस लागतो तो बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रेलियाच्या डीत. म्हणून अभिषेकचे पॅरिसमधले दोन गोल माझ्या वहीत वजनदार आहेत: एक बेल्जियमला, एक ऑस्ट्रेलियाला. ऑस्ट्रेलियाला ऑलिम्पिकमध्ये आपण १९७२ नंतर पहिल्यांदा हरवलं, आणि त्या सामन्यातला पहिला गोल त्याचा होता.

तर सध्या हाताशी कोण आहे? ललितने जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी सोडली. मनदीप, अभिषेक, सुखजीत, दिलप्रीत आणि शिलानंद लाकरा हे राजगीरचे पाच. यात सुखजीत आणि दिलप्रीत एकमेकांच्या जागी बसू शकतात. दोघेही अंगात ताकद असलेले, सरळ गोलकडे जाणारे. शिलानंद पळणारा, प्रेससाठी चांगला. अभिषेकची जागा घेणारा कोणी नाही, तो जखमी झाला तर खेळाची पद्धतच बदलावी लागेल. मनदीपची जागा, म्हणजे ती डीतली जागा, हा तर वर सांगितलेला मूळ प्रश्न. त्यांच्यामागे अरायजीत सिंग हुंदल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्कतला ज्युनियर आशिया चषकाच्या फायनलमध्ये पाकिस्तानविरुद्ध पाचांतले चार गोल त्याचे. तो ड्रॅग फ्लिकही मारतो, आणि हे फार मोलाचं आहे: कॉर्नर मिळाल्यावर बदली करता येत नाही, तेव्हा हरमनप्रीत बाहेर बसलेला असताना मैदानात मारणारा कोणीतरी हवा. फॉरवर्डनेच तो मारला तर बचावपटूची एक जागा मोकळी होते. १६ जणांच्या संघात असा माणूस दीड खेळाडूचं काम करतो.

आपल्या महाराष्ट्राचा आदित्य लालगेही ज्युनियर संघांतून वर आलाय. मुंबईच्या युवराज वाल्मीकीनंतर वरिष्ठ पुरुष संघाच्या आघाडीत ठाण मांडून बसलेला मराठी मुलूखातला फॉरवर्ड मला आठवत नाही, त्यामुळे त्याच्याकडे माझं जरा पक्षपाती लक्ष आहे हे सांगून टाकतो. त्याला घाईने वर चढवावं असं मात्र मी म्हणणार नाही. हॉकी इंडिया लीगच्या २०२४-२५च्या हंगामात प्रत्येक संघाच्या २४ जणांत आठ परदेशी आणि किमान चार ज्युनियर होते. तिथे सरावात रोज परदेशी फुलबॅक अंगावर घ्यायला मिळतो. बावीस-तेवीस वर्षांच्या फॉरवर्डला उझबेकिस्तानविरुद्धच्या चार गोलांपेक्षा असा सराव जास्त उपयोगाचा.

वेळापत्रक बघता २०२६ मध्ये हा प्रश्न कागदावरचा राहणार नाही. ऑगस्टमध्ये नेदरलँड्स-बेल्जियमला वर्ल्ड कप, तो संपला की तीन आठवड्यांत जपानमध्ये एशियाड, आणि एशियाडच्या सुवर्णावर लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची थेट जागा. दोन्हीकडे तेच पाच फॉरवर्ड न्यायचे तर एशियाडच्या उपांत्य सामन्यापर्यंत त्यांच्या पायांत काय उरेल, सांगता येत नाही. मी निवड समितीत असतो तर वर्ल्ड कपला मनदीप, अभिषेक, सुखजीत, दिलप्रीत आणि हुंदल नेले असते, शिलानंदला सहावा ठेवला असता, आणि एशियाडला मनदीपला विश्रांती देऊन डीतली जागा सुखजीतला दिली असती. सुखजीतकडे त्यासाठी लागणारं अंग आहे, जर्मनीविरुद्ध कॉर्नरवर स्टिक लावून त्याने दिशा दिली ती त्याची नजर दाखवते. त्याला फक्त कोणीतरी सांगायला हवं की बाबा, बाहेर बॉल मागायला जाऊ नकोस, इथेच थांब. मनदीपशिवाय एशियाड खेळणं धोक्याचं आहे, हे मान्य. सुरुवातीच्या दुबळ्या संघांविरुद्ध तरी हा प्रयोग करायला काय हरकत आहे?